ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला?

‘भारतात ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला’ अशा ओळीसह एक रंगीत नकाशा साताऱ्याच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. सनावळी लावून पाहू. केरळातल्या कोल्लमचे ताम्रपट साधारण इ.स. ८४९ चे. तिथल्या चर्चला जमीन आणि हक्क दिल्याची नोंद त्यांत आहे. साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू लिपींत! सागरी व्यापाराच्या वाटेने हा धर्म इंग्रजांच्या कितीतरी आधी आला. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, तेही इंग्रजी सत्तेच्या आधीच. उलट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार मिशनऱ्यांना बराच काळ टाळत होतं. कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. सातारा-सांगलीकडची मिशनची शाळा-दवाखाने त्यानंतरची, म्हणून हा समज इथे रुजणं स्वाभाविकच. पडताळायचं तर नकाशावर कोणत्या सालाची स्थिती दाखवलीय, ते आधी शोधा.