अर्धशिशी असलेल्या आमच्या डबा-ग्राहकांसाठी

‘मायग्रेनचा वेगळा डबा मिळतो का?’ अशी विचारणा ठाण्यातील नौपाडा, पाचपाखाडी आणि वागळे इस्टेट येथून वरचेवर होते. असा डबा आम्ही देत नाही, कारण ज्या पदार्थाने एकाचे डोके उठते तोच दुसऱ्याला सुखेनैव चालतो.

आमची खरी अडचण सकाळच्या फोनची आहे. व्हॉट्सॲपवर आलेली यादी वाचून आज दही, उद्या शेंगदाणे, परवा टोमॅटो बंद करण्यास सांगितले जाते. तोवर आमटीला फोडणी बसलेली असते आणि एका डब्यासाठी पुन्हा गॅस पेटवावा लागतो. एवढे करूनही हाती काही लागत नाही, कारण पाच जिन्नस एकदम सोडल्यावर दुखणे कमी झाले तरी ते कशामुळे, हे उमगत नाही. म्हणून आम्ही एका वेळी एकच पदार्थ चार आठवडे वगळतो आणि तोही आदल्या रात्री आठपर्यंत कळवल्यास. काहींना हा हेकेखोरपणा वाटतो, पण त्याला इलाज नाही.

चॉकलेटवर तर बऱ्याचदा नाहक आळ येतो. गोड खाण्याची अनावर इच्छा, जांभया आणि मान आखडणे ही दुखणे सुरू होण्याच्या काही तास, क्वचित दोन दिवस, आधीची लक्षणे असू शकतात. म्हणजे अशा वेळी चॉकलेट खाण्याआधीच अर्धशिशी सुरू झालेली असते.

पदार्थांपेक्षा वेळ चुकणे अनेकांना अधिक भोवते. साडेबाराला पोहोचवलेला डबा तीनला उघडला जातो, आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी ‘डोके दुखते आहे, डबा नको’ असे निरोप हमखास येतात. रोज सहाला चहा घेणाऱ्याने रविवारी तो दहाला घेतला, तरी कॅफिन लांबल्यामुळे डोके धरू शकते. ज्यांचे जेवण लांबते त्यांच्यासाठी फुटाणे आणि तिळाच्या लाडवाची चार वाजताची डबी आम्ही माफक दरात देतो.

औषधाची जागा डबा घेऊ शकत नाही. महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या लागत असतील तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना भेटावे; अचानक, कधी नव्हे इतके तीव्र दुखल्यास किंवा हातापायांतील शक्ती गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

नोंदीचा कागद दर सोमवारी डब्याच्या पिशवीत ठेवलेला असतो. त्यावर जेवणाची, चहाची, झोपेची आणि दुखण्याची वेळ लिहून तो शनिवारी रिकाम्या डब्यासोबत परत पाठवावा; आमटीचे डाग चालतील.