एका बिटाचा सूर

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. सामान्य कुटुंबाला परवडेल असा संगणक बनवायचा, तर प्रत्येक सुट्या भागाचा खर्च मोजूनमापून करणे भाग होते, आणि या काटकसरीची सर्वाधिक झळ ध्वनीला बसली. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यानेस यांनी रचलेली, एकाच वेळी तीन स्वर वाजवणारी स्वतंत्र ध्वनिचिप होती. स्पेक्ट्रमच्या वाट्याला आला तो एक छोटासा स्पीकर आणि त्याच्याकडे जाणारी एक तार. त्या तारेच्या अवस्था दोनच, चालू आणि बंद. आवाज लहान-मोठा करण्याची सोय नाही, स्वराचा पोत बदलण्याची सोय नाही, आणि दुसरा स्वर वाजवायला दुसरी तारही नाही. तरीही पुढच्या काळात याच स्पीकरमधून दोन, तीन आणि अखेर आठ स्वर एकत्र ऐकू येऊ लागले. यंत्रात काहीही न बदलता हे कसे साधले, याचे उत्तर थोडे ध्वनिशास्त्रात, थोडे गणितात आणि बरेचसे आपल्या कानात दडलेले आहे.

आधी तारेचा हिशेब पाहू. स्पेक्ट्रमचा झेड८०ए हा प्रोसेसर २५४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या भागांकडे उघडणाऱ्या दारावर, एक संख्या पाठवतो. त्या संख्येतील सर्वांत खालचे तीन बिट, म्हणजे ० किंवा १ असे अंक, पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात, चौथा बिट कॅसेट रेकॉर्डरकडे जाणारा संकेत देतो आणि पाचव्या बिटाकडे, म्हणजे ज्याची किंमत १६ आहे त्याच्याकडे, स्पीकरचा कारभार असतो. बेसिक या संगणकाच्या आज्ञाभाषेत ‘आउट २५४, २३’ अशी आज्ञा दिली की कड पांढरी राहते आणि स्पीकरचा पडदा एका बाजूला ढकलला जातो. ‘आउट २५४, ७’ म्हटले की तो मागे येतो. या दोन आज्ञा एकामागोमाग अखंड चालवल्या तर स्पीकर घरघरू लागतो. बेसिकचा वेग फार कमी असल्यामुळे यातून खर्जाच्या वर काही निघत नाही, परंतु स्पेक्ट्रमच्या संगीताचे सारे मूळ या दोन आज्ञांत आहे. २३ ऐवजी १६ लिहिले तर रंगाचे बिट शून्य होतात आणि पडद्याच्या कडेला काळे-पांढरे पट्टे धावू लागतात, म्हणजे सूर चक्क डोळ्यांना दिसतो.

ज्यांना या खोलात शिरायचे नव्हते त्यांच्यासाठी बेसिकमध्ये ‘बीप’ ही आज्ञा होती. तिला दोन संख्या द्यायच्या: स्वर किती सेकंद वाजवायचा ती पहिली, आणि पियानोवरच्या मधल्या सी या स्वरापासून तो किती अर्धस्वर वर किंवा खाली आहे ती दुसरी. ही दुसरी संख्या पूर्णांकच असली पाहिजे असे बंधन नव्हते. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या स्पेक्ट्रमच्या पुस्तिकेत, अर्धस्वराहून लहान अंतरे वापरणाऱ्या संगीताचे उदाहरण म्हणून भारतीय संगीताचा उल्लेख आहे आणि तसे स्वर अपूर्णांक देऊन सहज वाजवता येतात असे सांगितले आहे. आपल्या दृष्टीने ही बाब थांबून पाहण्यासारखी आहे. मधल्या सीला षड्ज मानले तर हार्मोनियमच्या समान विभागणीतला गंधार ४ या संख्येवर, सुमारे ३२९.६ हर्ट्झवर येतो. षड्जाशी ५:४ असे स्वच्छ नाते असलेला गंधार मात्र ३२७.० हर्ट्झचा हवा. त्यासाठी ‘बीप १, ३.८६’ असे लिहिले की काम होते. संगणकाच्या रॉममधला, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीतला, अपूर्णांकाचा हिशेब किंचित ढोबळ असल्यामुळे प्रत्यक्ष स्वरात अर्ध्या हर्ट्झच्या आतला फरक राहतो, पण हार्मोनियमच्या पट्टीपेक्षा तो खऱ्या गंधाराच्या कितीतरी जवळ असतो. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने भारतात आणला, तेव्हा ही सोयही त्याच्यासोबत इथे आली.

‘बीप’ची मोठी मर्यादा अशी की ती आज्ञा चालू असेपर्यंत संगणक दुसरे काहीच करू शकत नाही. प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला ३५ लाख ठोके पडतात. ४४० हर्ट्झचा स्वर काढायचा तर सेकंदात ८८० वेळा तारेची अवस्था बदलावी लागते, म्हणजे दर ३,९७७ ठोक्यांनी एकदा. मधला सगळा वेळ प्रोसेसर केवळ आकडे मोजत उभा असतो, कारण मोजणी चुकली की सूर ढळतो. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’ या खेळात मॅथ्यू स्मिथ यांनी यातून वाट काढली. चित्राची एक हालचाल झाली की स्वराचा एक छोटा तुकडा वाजवायचा आणि पुन्हा चित्राकडे वळायचे. त्यामुळे खेळ चालू असतानाही धून ऐकू येते. ती अडखळते खरी, पण आपले मन तुकडे जोडून घेते.

आता खरा प्रश्न. तारेच्या अवस्था दोनच असतील, तर एकाच वेळी दोन स्वर कसे निघावेत? हवेत दोन स्वर एकत्र येतात तेव्हा त्यांच्या दाबांची बेरीज होते. दोन्ही स्वर ‘चालू’ असतील तर बेरीज २ हवी, पण तारेला १ च्या वर जाता येत नाही. दोन्हींपैकी एक चालू असेल तरी तार चालू ठेवायची, असा सरळधोपट नियम केला तर दोन चौकोनी तरंग एकमेकांवर सांडतात आणि मूळ स्वरांत नसलेल्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारता निर्माण होतात. ऐकणाऱ्याला तो निव्वळ खरखराट वाटतो.

यावर पहिला उपाय आळीपाळीचा. तारेवर क्षणभर पहिल्या स्वराची अवस्था ठेवायची, लगेच दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची, आणि ही अदलाबदल इतकी वेगाने करायची की तिची स्वतःची वारंवारता कानाच्या मर्यादेबाहेर, म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्झच्या वर जावी. स्पीकरच्या पडद्याला वजन असते. तो इतक्या झपाट्याने पुढे-मागे होऊ शकत नाही आणि सरासरी जागेवर स्थिरावतो. दोन्ही स्वर चालू असतील तर तो पूर्ण पुढे असतो, एकच चालू असेल तर मध्यावर आणि दोन्ही बंद असतील तर मागे. जी बेरीज तारेला करता येत नव्हती ती पडद्याने आणि कानाने मिळून केली. एखादा दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद केला की तो मंद दिसतो, तशीच ही गोष्ट आहे. अर्थात याची किंमत मोजावी लागते: प्रत्येक स्वर निम्म्याने क्षीण होतो, आणि अदलाबदल पुरेशी वेगवान नसेल तर साऱ्या गाण्यावर एक बारीक शिट्टी सतत तरंगत राहते.

दुसरा उपाय मला अधिक देखणा वाटतो. चौकोनी तरंगात अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद अशी विभागणी असते. ती सोडून द्यायची आणि प्रत्येक आवर्तनात केवळ एक निसटता स्पंद द्यायचा. समजा, तो आवर्तनाच्या ५ टक्के इतकाच काळ टिकतो. असे दोन स्वर एका तारेवर सोडले तर दोन स्पंद एकमेकांवर आदळण्याचा काळ सरासरी ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे एकूण काळाच्या पाव टक्काच भरतो. टक्करच जवळपास होत नाही, म्हणून बेरजेचा पेचही उरत नाही. याच मार्गाने आणखी स्वर वाढवता येतात. मात्र स्वराचा पोत बदलतो. चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेची तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम संनादी, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारी वरची कंपने, असतात आणि ती वर जाताना झपाट्याने क्षीण होतात, म्हणून त्याचा आवाज पोकळ पण भरदार लागतो. अरुंद स्पंदात दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी संनादी असतात आणि खालची बरीचशी जवळजवळ सारख्याच जोराची असतात, म्हणून तो धारदार, नाकातला आणि काहीसा भुणभुणता येतो. टिम फॉलिन या ब्रिटिश संगीतकाराने सोळा-सतराव्या वर्षी ‘एजंट एक्स’ आणि ‘क्रोनोस’ या खेळांसाठी रचलेले संगीत ऐकले की हा पोत लगेच ओळखू येतो. त्या आवाजाचा कर्कशपणा लपवण्याऐवजी त्यांनी रचनाच त्याला साजेशी, वेगवान आणि भरगच्च केली.

स्पंदाची रुंदी हवी तशी बदलता येते, हे लक्षात आल्यावर आणखी एक दार उघडते. स्पंद रुंद केला की आवाज भरतो, अरुंद केला की विरळ होत जातो. ज्या यंत्रात आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती, त्यात यामुळे स्वर हळूहळू विरवता येऊ लागला. हेच तत्त्व आजच्या डी वर्गाच्या ध्वनिवर्धकांत असते: ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवायचा आणि ध्वनीचा चढउतार स्पंदांच्या रुंदीत साठवायचा. १९९९ मध्ये आलेली सुपर ऑडिओ सीडीसुद्धा एकाच बिटाची आहे, फक्त तो बिट सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा नोंदवला जातो. एक बिट ध्वनीला अपुरा पडतो असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. त्याला वेग मिळाला नाही तर तो अपुरा पडतो.

आणि स्पेक्ट्रमचा सारा झगडा वेगाशीच होता. शिट्टी कानाबाहेर न्यायची तर आज्ञांची एक फेरी १७५ ठोक्यांत संपली पाहिजे, कारण ३५ लाखांना २०,००० ने भागले की तेवढेच उरतात. त्यांतले ११ ठोके पोर्टवर संख्या पाठवण्यात जातात. प्रत्येक स्वरासाठी एक १६ बिटांचा गणक ठेवतात आणि दर फेरीला त्यात ठरावीक संख्या मिळवतात. ही बेरीज आणखी ११ ठोके खाते. गणक ६५,५३६ ला पोहोचला की पुन्हा शून्याकडे वळतो आणि त्याचे एक आवर्तन पूर्ण होते. फेऱ्या सेकंदाला २०,००० असतील तर ४४० हर्ट्झसाठी दर वेळी १,४४२ मिळवायचे. मग गणक कुठवर आला आहे ते तपासायचे, त्यावरून तार चालू की बंद ते ठरवायचे, पुढच्या स्वराकडे जायचे. शिवाय ‘चालू’ निघाले काय आणि ‘बंद’ निघाले काय, दोन्ही वाटांनी खर्च होणारे ठोके अगदी सारखे हवेत, नाहीतर एक स्वर बदलला की बाकीचे थरथरतात. त्यासाठी काही ठिकाणी निरर्थक आज्ञा मुद्दाम घालून वेळ भरून काढावा लागतो. यंत्राने त्यात आणखी एक अडचण ठेवली होती. पडद्यावरचे चित्र ज्या पहिल्या १६ किलोबाइट रॅममध्ये असते, तिथे चित्र वाचले जात असताना प्रोसेसरला थांबवले जाते. ध्वनीच्या आज्ञा त्या भागात ठेवल्या तर सूर घोगरा होतो, म्हणून जाणकार त्या ३२,७६८ या पत्त्याच्या वर ठेवतात.

तालवाद्यांसाठी वेगळी तार नव्हती आणि प्रोसेसरच्या घड्याळाचे वेगळे ठोकेही नव्हते. ढोलाचा ठोका द्यायचा तर स्वर क्षणभर पूर्ण थांबवतात आणि तेवढ्या वेळात तारेवर अनियमित बिटांचा वर्षाव करतात. हे अनियमित बिट पुष्कळदा यंत्राच्या रॉममधूनच वाचले जातात. तिथे लिहिलेली बेसिक भाषेची आज्ञावली कानाला गोंगाटासारखी लागते. मोठ्या आवाजाने झाकलेला स्वरातला छोटा खंड कान भरून काढतो आणि स्वर मागे चालूच होता असे आपल्याला वाटते. तेवढा वेळ पुढच्या मात्रेतून वजा करायला मात्र विसरून चालत नाही, अन्यथा प्रत्येक ठोक्यागणिक लय रेंगाळते.

१९८५ मध्ये स्पेनमध्ये आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये आलेल्या स्पेक्ट्रम १२८ ला तीन स्वरांची एवाय चिप मिळाली आणि खेळांच्या संगीताची गरज भागली. एका बिटाचे संगीत तिथे संपायला हवे होते. प्रत्यक्षात या यंत्रावरचे सर्वांत कसबी काम त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाले. शिरू या टोपणनावाने काम करणाऱ्या रशियन प्रोग्रामरने आठ स्वरांचे ‘ऑक्टोड’ ही वादनाची आज्ञावली लिहिली, आणि ‘बीपोला’सारख्या साधनांमुळे आजच्या संगणकावर स्वर मांडून ते स्पेक्ट्रमसाठी तयार करता येऊ लागले.

हे संगीत ऐकण्यासाठी आज बहुतेकांकडे खरा स्पेक्ट्रम नसतो. ते अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकतात. तिथेही वेळेचाच प्रश्न येतो. आजचा संगणक ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवतो, म्हणजे एका नमुन्यात स्पेक्ट्रमचे साधारण ७९ ठोके मावतात. त्या अवधीत तार अनेकदा बदललेली असू शकते. सॉफ्टवेअरने नमुन्याच्या क्षणी तार कोणत्या अवस्थेत आहे एवढेच पाहिले, तर अरुंद स्पंद हातातून निसटतात आणि मुळात नसलेले बेसूर स्वर उमटतात. म्हणून चांगले सॉफ्टवेअर त्या ७९ ठोक्यांपैकी किती ठोके तार चालू होती ते मोजते आणि तेवढ्या उंचीचा नमुना देते, म्हणजे स्पीकरचा जड पडदा जी सरासरी आपोआप काढत असे ती इथे आकडेमोड करून काढावी लागते.