विरोधाची जोडवाक्ये: एका जुन्या लेखन-सरावाची पार्श्वभूमी

इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीतल्या लिओंटिनी या ग्रीक नगराचा वक्ता गॉर्जिअस शिष्टाईसाठी अथेन्सला आला. त्याच्या भाषणातल्या मापून बेतलेल्या, परस्परविरोधी वाक्यखंडांनी ऐकणारे भारावून गेले आणि ही करामत शिकवण्याचा विषय झाली. ती मनाला का भिडते, हे अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’ या वक्तृत्वकलेवरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगितलं: विरुद्ध गोष्टी चटकन कळतात, शेजारी ठेवल्या की अधिकच, शिवाय अशी रचना युक्तिवादासारखी भासते. तिथेच त्याने नकली विरोधाचा नाटककार एपिकार्मसचा नमुना दिला: कधी मी त्यांच्या घरी होतो, कधी मी त्यांच्याकडे होतो. साचा बिनचूक, विरोध शून्य! विद्यार्थ्यांच्या वहीत आजही हेच हमखास सापडतं.

‘ऱ्हेटोरिका अ‍ॅड हेरेनियम’ (इ.स.पू. पहिलं शतक, लेखक अज्ञात) या लॅटिन ग्रंथात अशा विरोधी रचनेच्या व्याख्येला जोडून उदाहरण येतं: खुशामतीची सुरुवात गोड, शेवट जहाल कडू. खंड साधारण सारख्या लांबीचे हवेत, पण अक्षरं मोजणं पोरकटपणा. तो अंदाज सरावानेच येतो, असंही तिथे बजावलं आहे.

चीनमध्ये सुरुवात याहून खालून व्हायची. मुलं आधी सुट्या शब्दांच्या जोड्या घोकत: ढगासमोर पाऊस, बर्फासमोर वारा. नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद. मग हळूहळू लांब ओळी. मिंग राजवटीत सरकारी पदांसाठीच्या राजपरीक्षेत रूढ झालेल्या ‘अष्टपदी’ निबंधात तर अख्खे परिच्छेदच जोडीने लिहावे लागत. साच्यालाच गुण मिळू लागले आणि विचार आटला, हा त्यावरचा जुना आक्षेप. १९०५ मध्ये ती राजपरीक्षाच बंद झाली.

इंग्रजीत जॉन लिलीच्या ‘यूफ्यूस’ या गद्यकथेने (१५७८) याच शैलीचा अतिरेक केला. विसाव्या शतकात अमेरिकी प्राध्यापक एडवर्ड कॉर्बेटने १९६५ च्या पाठ्यपुस्तकात जुना अनुकरण-सराव परत आणला: नमुना हाताने उतरवायचा, मग त्याच सांगाड्यात आपला मजकूर भरायचा.

या सरावातली मेख क्रमात आहे. आधी दोन रकाने आखून विरोध शोधावा, वाक्य नंतर. ‘पैसा मेहनतीने मिळतो, पण आळशी माणूस तो उधळतो’ इथे विरोध आहे, पण दुसऱ्या खंडात कर्ता बदलल्याने तोल जातो. कर्ता एकच ठेवून कारणासमोर कारण आणि क्रियेसमोर क्रिया आणली, की ‘पण’सुद्धा गळतो: पैसा कष्टाने येतो, आळसाने जातो. एका परिच्छेदात असं एकच वाक्य पुरे. तिसऱ्यापर्यंत वाचक पुढचा खंड आधीच ओळखतो.