‘लेवॉन दुसरा’ मागवताना सन अवश्य लिहा
किलिकियाच्या आर्मेनियन राज्याची नाणी घेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘लेवॉन दुसरा, एक त्राम पाठवा’ अशी मागणी येते (त्राम म्हणजे या राज्याचे चांदीचे नाणे), आम्ही नाणे पाठवतो आणि ‘हा तो राजा नव्हे’ म्हणून पाकीट परत येते. दोन्हीकडचा वेळ आणि टपालखर्च वाया जातो. कारण एकच: लेवॉन नावाच्या या राजांची मोजणी दोन तऱ्हांनी होते.

किलिकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला अदाना-तार्सुसचा पट्टा. सध्याच्या आर्मेनिया देशापासून बराच दूर. तिथे आधी रुपेन घराण्याचे अधिपती होते, राजे नव्हते. त्यांच्यातला दुसरा लेवॉन ११८७ साली सत्तेवर आला आणि धर्मयुद्धांच्या धामधुमीत, जर्मनीतल्या मेन्झच्या आर्चबिशपच्या उपस्थितीत, ११९८ साली तार्सुसला राजा झाला. (काही सूचींत ११९९ छापलेले असते. माणूस तोच.) अधिपतींपासून मोजणारे त्याला दुसरा म्हणतात, राजांपासून मोजणारे पहिला. पुढचे सगळे लेवॉन मग एकेका आकड्याने सरकतात. १३७५ साली इजिप्तच्या मामलुकांनी राजधानी सिस जिंकली, तेव्हाचा शेवटचा राजा कुठे पाचवा असतो, कुठे सहावा.

नाण्यावर क्रमांक नसतोच. राजाची ओळख म्हणून ‘लेवॉन, आर्मेनियनांचा राजा’ एवढेच असते. म्हणून चित्र पाहा. ११९८-१२१९ च्या लेवॉनच्या नेहमीच्या त्रामवर राजा सिंहासनावर बसलेला दिसतो आणि नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सिंहांच्या मधोमध क्रूस असतो. १२७०-१२८९ चा लेवॉन घोड्यावर आहे आणि मागे एकच चालता सिंह. आमच्या पाकिटांवर आकड्याऐवजी राज्यवर्षे लिहिलेली असतात ती यासाठीच. काहींना ते अर्धवट वाटते, पण दोन्ही मोजण्यांत वर्षेच तेवढी सारखी राहतात.

घोडेस्वार दिसला की लगेच लेवॉन समजू नका. पहिल्या हेथूमच्या (१२२६-१२६९) काही त्रामांवरही घोडेस्वार आहे. मागे मात्र अरबी अक्षरांत शेजारच्या सेल्जुक तुर्कांच्या सुलतानाचे नाव. त्या काळी त्याला सेल्जुकांचे वर्चस्व मानावे लागत होते, तेच नाण्यावर उतरले आहे. संग्रहात एक तरी असावे असे हे नाणे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही हेथूम-झाबेल जोडीचा त्राम सुचवतो. राजा-राणी मधला उंच क्रूस धरून उभे आहेत. झाबेल ही ११९८-१२१९ च्या लेवॉनची मुलगी, हेथूमला राज्य तिच्याशी लग्न झाल्यामुळे मिळाले, म्हणून राणीला बरोबरीची जागा. हे नाणे तुलनेने सहज मिळते आणि ओळखायला चुकत नाही. वजन ३ ग्रॅमच्या आसपास. नावही परके वाटू नये: त्राम, दिरहम आणि शिलाहारांच्या लेखांतला द्रम्म, सगळ्यांचे मूळ ग्रीक द्राख्मा.

घरचे नाणे ओळखायला पाठवताना दोन्ही बाजूंचे फोटो बाजूने उजेड पाडून काढा आणि वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत लिहा. त्याआधी रांगोळी, चिंच, टूथपेस्ट काहीही लावू नका. अक्षरांचा उठाव कमी असतो. तो घासला गेला की राजाचे नाव वाचता येत नाही आणि किंमतही उतरते. घासलेले नाणे आम्ही परत घेत नाही. न घासलेले, आमच्या पाकिटासह, सात दिवसांत बदलून देतो.