पावती फाडली, पुढे काय झालं? प्रोसेस मायनिंगमधले शब्द

कुठल्याही ऑफिसात जाऊन विचारा की तुमच्याकडे काम कसं चालतं, तर एक छान तक्ता दाखवतात, आधी हे मग ते मग सही. पण तक्त्यात असतं ते कामाने कसं चालावं, आणि काम खरंच कसं चाललं ते सापडतं कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या नोंदींत. त्या नोंदींवरून खरी वाट शोधून काढायची, यालाच प्रोसेस मायनिंग म्हणतात. नेदरलँड्सचे विल व्हॅन डर आल्स्ट 1990 च्या दशकाच्या शेवटापासून यावर काम करतायत आणि हा विषय उभा राहिला त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

शब्द कळायला एक खरा डेटा घेऊ. इटलीतल्या एका स्थानिक पोलिसांकडचा वाहतूक दंडांचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात 1,50,370 दंड आहेत आणि 5,61,470 नोंदी. या नोंदींच्या वहीला इव्हेंट लॉग म्हणायचं, एकेक नोंद म्हणजे इव्हेंट. प्रत्येक नोंदीत निदान तीन गोष्टी लागतातच: कोणत्या दंडाची, काय केलं, कधी केलं. पहिली केस, दुसरी अ‍ॅक्टिव्हिटी, तिसरी टाइमस्टॅम्प. मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं, तीन कॉलम असले की सुरुवात करता येते!

आता एका केसच्या सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे ओळीने लावल्या की झाला ट्रेस, आणि ज्या केसेसची ओळ अगदी सारखी त्या सगळ्यांचा मिळून एक व्हेरिएंट. या लॉगमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी फक्त 11 आहेत पण व्हेरिएंट 231 निघतात. सगळ्यात मोठा 56,482 केसेसचा: पावती केली, पाठवली, पोचल्याची नोंद झाली, दंड वाढला, शेवटी वसुलीकडे गेलं. दुसरा 46,371 चा, पावती केली आणि पैसे भरले, संपलं. तिसरा मात्र विचारात पाडतो, 20,385 केसेसमध्ये पावती केली, पाठवली आणि पुढे काहीच नाही. का, ते लॉग सांगत नाही. त्यासाठी उठून तिथल्या माणसांनाच विचारावं लागतं, आणि हे विचारणं टाळून नुसत्या आकड्यांवर निष्कर्ष काढणं मला चूकच वाटतं.

नोंदींवरून कामाचा नकाशा, म्हणजेच मॉडेल, काढणं याला डिस्कव्हरी म्हणतात. 2004 मध्ये छापून आलेला अल्फा अल्गोरिदम त्यातला सुरुवातीचा, त्याची युक्ती अगदी साधी आहे, अ नंतर लगेच ब येतो पण ब नंतर लगेच अ कधीच येत नाही तर अ मुळे ब होतोय असं धरा, दोन्हीकडून दिसलं तर ती कामं एकमेकांच्या बरोबरीने चालतायत असं समजा. सगळ्या वाटा एकदम काढल्या की नुसता गुंता होतो, त्याला स्पॅगेटी मॉडेल असंच नाव आहे. मग क्वचितच्या वाटा गाळायच्या, पण जपून, कारण घोळ बरेचदा त्या क्वचितच्या वाटांतच असतो.

नियम आणि प्रत्यक्ष काम जुळतंय का ते तपासणं म्हणजे कॉन्फॉर्मन्स चेकिंग. इथे पावती पोचल्यावर 60 दिवसांत पैसे आले नाहीत तर दंड वाढतो, मग 60 दिवसांच्या आधीच वाढवलेला कुठे सापडतो का ते बघता येतं. लॉगमधलं जेवढं वागणं मॉडेलमध्ये बसतं तेवढी त्या मॉडेलची फिटनेस जास्त. डिस्कव्हरी आणि कॉन्फॉर्मन्सनंतर प्रोसेस मायनिंगचा तिसरा प्रकार एन्हान्समेंट, म्हणजे नकाशावर वेळ वगैरे माहिती चढवायची, मग काम कुठे तुंबतंय तो बॉटलनेक दिसतो.

पण केस कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. इथे केस म्हणजे एक दंड. समजा एकाच माणसाचे चार दंड आहेत आणि केस म्हणून माणूस धरला, तर त्याच नोंदींतून वेगळाच नकाशा निघेल, चार पावत्या एकमेकींत मिसळतील आणि पैसे भरल्यानंतर पुन्हा पावती आली असं दिसेल, जे त्या एका दंडाच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं.