कळते, पण वळत नाही: सोळा वर्षांच्या आरोपीची परीक्षा

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निर्घृण गुन्ह्याच्या आरोपावरून बाल न्याय मंडळापुढे आणले जाते, तेव्हा त्याने तो गुन्हा केला की नाही, हे मंडळ आधी तपासत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 15 नुसार त्याचे आधी ‘प्राथमिक मूल्यांकन’ करावे लागते. तो गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता मुलात होती का, गुन्ह्याचे परिणाम समजण्याची कुवत त्याच्यात होती का आणि कथित गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, या गोष्टी एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते अशा तीन जणांनी तीन महिन्यांत ठरवायच्या असतात. मुलगा या परीक्षेत ‘समजदार’ ठरला, तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते आणि तेथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तसे झाले नाही, तर गुन्हा कितीही भयंकर असला तरी त्याला विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते.

ही परीक्षा कायद्यात आली ती दिल्लीतील 16 डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर. त्यातील एक आरोपी घटनेच्या वेळी अठरा वर्षांचा होण्यास काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षांची सजा झाली, ती डिसेंबर 2015 मध्ये संपली आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवे विधेयक मंजूर केले. या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बालक मानण्याची अठरा वर्षांची अट खाली आणण्यास 2013 मध्येच नकार दिला होता आणि संसदेच्या स्थायी समितीनेही सोळा ते अठरा वयोगट वेगळा काढण्यास विरोध केला होता. पण लोकक्षोभाच्या रेट्यापुढे दोन्ही शिफारशी मागे पडल्या. तो क्षोभ खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की त्यातून जी परीक्षा जन्माला आली, ती जे मोजायला हवे तेच मोजते का.

मेंदूविज्ञान या बाबतीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरेच पुढे गेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत संशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मुलाचे एमआरआय दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा काढण्याची पद्धत अवलंबली आणि 1999 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूची बांधणी लहानपणीच संपते, ही जुनी समजूत त्यातून मोडीत निघाली. कपाळामागच्या भागातील करड्या द्रव्याचे प्रमाण वयात येण्याच्या सुमारास शिखर गाठते आणि पुढे अनेक वर्षे घटत जाते. पेशींमधले क्वचित वापरात येणारे जोड छाटले जातात, वापरातल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढत जाते आणि संदेश वेगाने धावू लागतात. योजना आखणे, आवेग आवरणे आणि पुढचा विचार करून हात मागे घेणे ही कामे ज्याच्याकडे आहेत, तो प्रीफ्रन्टल कॉर्टेक्स या क्रमात सर्वांत मागे असतो. त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. बक्षीस, थरार आणि वाहवा यांना प्रतिसाद देणारी खोलवरची, डोपामाइन या मेंदूतील रसायनावर चालणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच तीव्र झालेली असते. या दोहोंच्या वेळापत्रकातील तफावत म्हणजेच किशोरवय, असे बऱ्याच संशोधकांचे म्हणणे आहे.

एवढे वाचून ‘म्हणजे सोळाव्या वर्षी अक्कल नसते’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला अक्कल असते, ती केव्हा चालते आणि केव्हा चालेनाशी होते हा खरा मुद्दा आहे. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. संगणकाच्या पडद्यावर एक मोटार धावत असते आणि पुढे सिग्नल पिवळा होतो. मोटार जितकी पुढे न्यावी तितके गुण वाढतात, पण लाल दिवा लागून समोर भिंत उभी राहिली आणि मोटार अजून चालतीच असेल, तर गुण जातात. 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे अशा तीन गटांतील एकूण 306 जणांपैकी काहींनी हा खेळ एकट्याने खेळला, तर काहींनी आपल्याच वयाच्या दोन मित्रांच्या देखत. एकटे असताना किशोर आणि प्रौढ यांनी पत्करलेल्या जोखमीत फारसा फरक दिसला नाही. मित्र पाठीशी उभे राहिले, तेव्हा प्रौढांच्या खेळात बदल झाला नाही, मधल्या गटाची जोखीम काहीशी वाढली आणि किशोरांची जवळजवळ दुप्पट झाली. पुढे याच विद्यापीठात खेळ चालू असताना मेंदूची छायाचित्रे घेतली गेली. मित्र पाहत आहेत एवढे कळताच किशोरांच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित केंद्रे अधिक सक्रिय झाली आणि प्रौढांच्या झाली नाहीत. (किशोरवयीन उंदीरसुद्धा बरोबरीच्या उंदरांच्या संगतीत एकट्यापेक्षा जास्त दारू पितात, असेही याच गटाला आढळले, त्यामुळे सगळा दोष मोबाइलवर आणि चित्रपटांवर टाकणाऱ्यांनी जरा थांबायला हरकत नाही.)

मानसशास्त्रज्ञ या दोन अवस्थांना ‘थंड’ आणि ‘तप्त’ विचारप्रक्रिया म्हणतात. शांतपणे, वेळ घेऊन, कोणी उचकवत नसताना केलेला विचार थंड. राग, भीती, नशा किंवा टोळक्याच्या दबावाखाली क्षणात घेतलेला निर्णय तप्त. 2019 मध्ये ग्रेस आयसनोगल आणि सहकाऱ्यांनी 11 देशांतील 10 ते 30 वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्या देशांत भारतही होता. तर्क, स्मरण यांसारखी बौद्धिक क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांच्या पातळीला पोहोचते, तर आवेग आवरणे, थराराचा मोह टाळणे आणि दूरचा विचार करणे ही मानसिक-सामाजिक परिपक्वता अठराव्या वर्षानंतरही वाढतच राहते, असे त्यातून दिसले. ही तफावत ठिकठिकाणी, अगदी वेगवेगळ्या संस्कृतींत आढळली.

हे लक्षात घेऊन कलम 15 पुन्हा वाचले की अडचण उघडी पडते. गुन्हा करण्याची क्षमता आणि परिणामांची समज, दोन्ही थंड विचाराच्या कसोट्या आहेत आणि त्या क्षमता नेमक्या सोळाव्या वर्षी पूर्ण झालेल्या असतात. घटना उलटून काही आठवडे झालेले असतात, मुलगा निरीक्षणगृहात आहे, समोर मानसशास्त्रज्ञ कागद-पेन घेऊन बसलेले आहेत आणि ते विचारतात की एखाद्यावर वार केला तर काय होऊ शकते. मुलगा नीट उत्तर देतो: माणूस मरू शकतो, पोलीस पकडतात, घरच्यांना त्रास होतो. अहवालात ‘परिणामांची जाण आहे’ असे वाक्य उतरते. ते खरेही असते. पण त्या रात्री चार जणांच्या घोळक्यात हातात चाकू असताना ती जाण कितपत कामी आली असती, याविषयी त्या वाक्यातून काहीच कळत नाही. मुलाचे कळणे तपासले जाते आणि त्याचे वळणे तपासायची सोयच कायद्यात नाही. अशा कसोटीतून गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा सुटेल, बाकी जवळपास प्रत्येक जण ‘प्रौढ’ ठरू शकेल.

सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव काही अंशी ओळखली. सप्टेंबर 2017 मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत दुसरीतल्या मुलाचा खून झाला होता आणि त्याच शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्यावर आरोप होता. या प्रकरणात जुलै 2022 मध्ये निकाल देताना न्यायालयाने प्राथमिक मूल्यांकन हे नाजूक आणि तज्ज्ञांचे काम असल्याचे स्पष्ट केले. मंडळात बालमानसशास्त्राचे शिक्षण घेतलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत ‘घेता येईल’ या कायद्यातील शब्दांचा अर्थ ‘घ्यावीच लागेल’ असा करावा, असे न्यायालयाने ठरवले. परिणाम समजणे म्हणजे बळीचे काय होईल एवढेच समजणे नव्हे, तर त्याच्या आणि आपल्या कुटुंबावर पुढे काय ओढवेल हेही त्यात येते, असाही खुलासा झाला. निकाल महत्त्वाचा आहेच. तरीही माझ्या मते तज्ज्ञ आणून मूळ दोष जात नाही, कारण चुकीचा प्रश्न तज्ज्ञाने विचारला म्हणून तो बरोबर होत नाही.

मग मेंदूविज्ञानालाच निवाडा करू द्यावा का? तसेही करता येत नाही. वर दिलेले सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका विशिष्ट मुलाचा एमआरआय पाहून तो परिपक्व आहे की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. जन्माचा दाखला नसेल तेव्हा हाडांच्या चाचणीने वय काढतात आणि त्यातही दोनेक वर्षांची चूक धरावी लागते. परिपक्वतेसाठी तर तेवढीही चाचणी उपलब्ध नाही. शिवाय सगळेच गुन्हे घोळक्यात आणि आवेगात घडत नाहीत. एखादा सतरा वर्षांचा मुलगा दिवसेंदिवस योजना आखून, एकट्याने, थंड डोक्याने खून करू शकतो आणि तेथे तप्त विचाराचा युक्तिवाद बराच लंगडा पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अठरा वर्षांखालील गुन्हेगारांची फाशी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली, तेव्हा अल्पमतातील न्यायमूर्तींचा एक आक्षेप याच धर्तीचा होता.

कोणता मुलगा पुढे निर्ढावलेला गुन्हेगार होईल, हेही आधी ओळखणे कठीण असते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार थोड्या मुलांचे वर्तन बालपणापासून बिघडलेले असते आणि ते तसेच राहते, तर बहुसंख्यांचे गुन्हे किशोरवयापुरते असतात. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स येथे गंभीर गुन्हे केलेल्या 1,354 मुलामुलींचा सात वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांचे गुन्हे वाढत्या वयाबरोबर कमी होत गेले आणि सातत्याने गुन्हे करत राहिलेला गट छोटाच होता. गंमत अशी की पहिल्या गुन्ह्याचे गांभीर्य पाहून हे दोन गट वेगळे काढता येत नव्हते. आपला कायदा मात्र सगळी चाळणी गुन्ह्याच्या गांभीर्यावरूनच सुरू करतो.

तीही चाळणी विचित्र आहे. किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेला गुन्हा तेवढा ‘निर्घृण’. जेथे कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा सांगितलेलीच नाही, ते गुन्हे ‘गंभीर’ या खालच्या वर्गात जातात, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये ठरवले आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. जून 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षा नव्हती, म्हणून तो ‘निर्घृण’ ठरत नव्हता. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले आणि चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा राज्यभर उसळलेल्या संतापात हा बारकावा कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्याला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप प्रौढांवर आहे आणि माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातील जास्त चिंतेची बाब ती आहे.

प्रौढ म्हणून खटला चालवल्याने गुन्हे तरी कमी होतात का, याचे उत्तर अमेरिकेकडे आहे, कारण तेथे 1990 च्या दशकात बहुतेक राज्यांनी हा मार्ग धरला. संशोधक जेफ्री फेगन यांनी न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीतील पंधरा-सोळा वर्षांच्या आरोपींची तुलना केली. गुन्हे सारखेच, पण न्यूयॉर्कमध्ये खटला प्रौढ न्यायालयात आणि न्यू जर्सीत बाल न्यायालयात. जबरी चोरीच्या प्रकरणांत न्यूयॉर्कची मुले पुन्हा अधिक वेळा आणि लवकर पकडली गेली. अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने नेमलेल्या कृती दलाने 2007 मध्ये सांगितले की प्रौढ न्यायालयात पाठवलेल्या मुलांकडून नंतर होणारे गुन्हे सुमारे 34 टक्क्यांनी जास्त होते. हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. आपल्याकडे प्रौढ ठरवलेल्या मुलालाही एकवीस वर्षांपर्यंत तुरुंगात न ठेवता ‘सुरक्षित स्थानी’ ठेवावे लागते, त्याला फाशी देता येत नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. पण कडक शिक्षेच्या धाकाने मुले वचकतील, ही अपेक्षा त्या आकड्यापुढे टिकत नाही.

जर्मनीत अठरा वर्षांखालील कोणावरही प्रौढ म्हणून खटला चालत नाही. मात्र तेथील बाल न्यायालय गंभीर गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद देऊ शकते आणि 18 ते 20 वर्षांच्या आरोपींनाही त्यांची परिपक्वता पाहून बालकांचा कायदा लावू शकते. आपल्याकडे एका बाजूला तीन वर्षे, दुसऱ्या बाजूला जन्मठेपेपर्यंत काहीही आणि मध्ये पोकळी. बलात्कार-खुनासाठी तीन वर्षे लोकांना अपुरी वाटतात आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. बाल न्याय व्यवस्थेच्याच आत मोठी मुदत आणि ठराविक काळाने फेरतपासणी अशी तरतूद असती, तर मुलाला प्रौढ म्हणण्याची ही कसरत करावीच लागली नसती.

त्या तरतुदीचे बीज याच कायद्यात आहे. कलम 20 नुसार प्रौढ म्हणून दोषी ठरलेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाल न्यायालयाने त्याचे पुन्हा मूल्यांकन करून तो सुधारला आहे का, हे पाहायचे आणि मग त्याला देखरेखीखाली सोडायचे की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचे, ते ठरवायचे. विज्ञानाशी सर्वांत जास्त जुळणारा भाग हाच, कारण येथे भाकीत करायचे नसते, घडलेला बदल पाहायचा असतो. त्यासाठी मधल्या वर्षांत मुलाचे शिक्षण, समुपदेशन, व्यसनमुक्ती आणि वर्तन यांची बारीक नोंद असायला हवी. मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढे दोनच शब्द असतील, तर एकविसाव्या वर्षी न्यायाधीशांपुढे पुन्हा गुन्ह्याचा तोच जुना कागद उरतो.