शेवळं आणि काकडं: पहिल्या पावसाच्या भाजीची पार्श्वभूमी

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की ठाणे, कल्याण, पनवेलच्या बाजारात करड्या-जांभळ्या कोंबांच्या जुड्या दिसू लागतात. शेजारी हिरव्या, आवळ्यापेक्षा लहान, आंबट फळांचा वाटा असतो. कोंब म्हणजे शेवळं, फळं म्हणजे काकडं. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही संपतात.

शेवळं सुरणाच्या गोतातली. अमॉर्फोफॅलस कम्युटेटस हे त्यांचं शास्त्रीय नाव, आणि मूळ घर पश्चिम घाट. आपण खातो तो या झाडाचा फुलोरा. उन्हाळाभर जमिनीत निजलेल्या कंदातून आधी तो वर येतो, पान मागाहून. तो मिटलेला असतानाच खुडावा लागतो. उमलला की माश्या-किड्यांना बोलावणारा कुजका वास सुटतो आणि भाजी वाया जाते. कंद मात्र जमिनीतच ठेवायचा, म्हणजे पुढे येणारं पान त्याला पुन्हा पोसतं.

ही खुडणी मुख्यतः कातकरी, ठाकूर, वारली बायकांची. कर्जत-कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने जुड्या शहरात येतात. मात्र 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत जंगलातलं गवत, वेल, फूल, फळ सगळंच ‘वनोपज’, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची ही खुडणीही वनखात्याच्या अखत्यारीत आली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज (लाकूड सोडून इतर) गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. त्यात कंदमुळांचा स्पष्ट उल्लेख आहे.

शहरात या जुड्यांची खरी कदर सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आणि पाठारे प्रभू घरांत झाली. वालाचं बिरडं, कोलंबी, सोडे (सुकवलेली कोलंबी) किंवा खिमा, यांपैकी कशात तरी शेवळं पडतात. नुसती शाकाहारी भाजीही होते, पण सोड्यांची सर तिला नाही, हे आमचं मत.

आता खाजेचं. अळू, सुरण आणि शेवळं एकाच कुळातली. तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. पाण्यात ते विरघळत नाहीत, त्यामुळे कितीही धुतलं तरी खाज जात नाही. त्यावर उतारा आंबटाचा, म्हणून अळूत चिंच, सुरणात आमसूल, तशी शेवळात काकडं. काकडाच्या झाडाला नेमकी त्याच दिवसांत कच्ची फळं असतात, म्हणून ही जोडी जमली. काकडं मिळाली नाहीत तर चिंच चालते, पण काकडांचा तुरटपणा तिच्यात नाही.

20 शेवळांना 15 ते 20 काकडं धरावीत. हाताला तेल लावून बाहेरची जाड आवरणं काढावीत. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळा दाणेदार भाग असतो, तो पूर्ण टाकून द्यावा. भाजी खाजली तर बहुतेकदा त्याचाच तुकडा राहिलेला असतो. उरलेलं अगदी बारीक चिरावं. पाव वाटी तेलात मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटं, चांगलं आळून रंग गडद होईपर्यंत परतावं. तेलात हात आखडू नये.

काकडं ठेचून बिया काढाव्यात, अर्धी वाटी पाण्यात कोळून गाळावं आणि परतल्यावरच घालावं. आधी घातलं तर शेवळं परतली न जाता नुसती शिजतात. मग कांदा, आलं-लसूण, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी सोललेले वाल घालून गरम पाण्यावर वाल मऊ होईपर्यंत शिजवावं. कोलंबी घालायची असेल तर शेवटच्या 5 मिनिटांत. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर उकळी नको. भाजी अर्धवट शिजलेली असताना चव घेऊन पाहू नये.